दारव्हा रोडवरच्या त्या दोघांचे आभार

परवा संध्याकाळी यवतमाळ-दारव्हा रस्त्यावर पाणी प्यायला थांबलो, अन् माझी वीस वर्षं जुनी जीप मेलीच. हॉर्न नाही, दिवे नाहीत. फ्यूज काढून-घालून मी थकलो. नवी बॅटरी घ्यायचंही ठरवून टाकलं होतं (माझं हे असंच).

कापसाच्या गाडीवरून दोघं उतरले. त्यांतल्या मोठ्यानं इंडिकेटरचा बल्ब दोन वायरींना बांधून बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावला. लख्ख! मग एक वायर प्लसला, दुसरी चेसिसला (जीपच्या लोखंडी सांगाड्याला). अंधार.

"बॅटरी चांगली हाय भाऊ, अर्थिंग भेटून नाही राह्यली." म्हणजे बॅटरीचं मायनस टोक चेसिसला नीट जोडलेलंच नव्हतं.

चेसिसच्या बोल्टाखाली मायनसच्या वायरीवर हिरवा थर चढला होता. धाकट्यानं विळ्यानं तो खरवडला, पान्ह्यानं बोल्ट आवळला. पहिल्याच सेल्फला सुरू!

पैसे घेतले नाहीत, नावंही सांगितली नाहीत. दादा, चहा बाकी आहे.