आईनं जपलेली टीसी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, नागपूर विद्यापीठात माझी एम.ए. मराठीची अ‍ॅडमिशन झाली. फी भरली, पावती हातात आहे. फोनवर सांगायला गेले असते तर रडले असते, म्हणून लिहिते.

आई, वरूडहून तू बसच्या कंडक्टरच्या हाती जे पाकीट पाठवलंस, त्याच्यावरच सगळं निभावलं. बी.ए.च्या तिन्ही वर्षांच्या मार्कशीट आणि २००३ची टीसी. पेटीत लुगड्यांच्या घडीखाली तू एकवीस वर्षं ती ठेवलीस, एक कोपरा दुमडला नाही. टीसी हरवलेली एक मुलगी रांगेत माझ्यापुढे होती. दुय्यम प्रत काढायला तिला परत कॉलेजात जावं लागलं.

माझी बी.ए. अमरावती विद्यापीठाची, म्हणून नागपूरला मायग्रेशन सर्टिफिकेट लागलं. अमरावतीला जाऊन तेही आणलं. मग डिजिलॉकरवरून एबीसी आयडी काढला. हा बारा आकडी नंबर असतो, पेपर पास झाल्यावर मिळणारे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, त्यात जमा होत जातात. चार सेमिस्टरमध्ये अठ्ठ्याऐंशी क्रेडिट मिळवायचे. पहिल्याच सेमिस्टरला संशोधन पद्धती हा पेपर आहे, त्याची मात्र मला भीती वाटते.

शिक्षणात पडलेल्या एवढ्या वर्षांच्या खंडाचं प्रतिज्ञापत्रही द्यावं लागतं. टायपिंग करणाऱ्यानं विचारलं, "ताई, कारण काय टाकू?" मी म्हटलं, "घरगुती." खोटं नव्हतं ते. पण त्या साली बोअर आटली, टँकरनं पाणी घालूनही संत्र्याची झाडं उभ्या उभ्या वाळली, तुम्ही रात्री खाटेवर बसून बागेकडं बघत राहायचे, हे त्या एका ओळीत कुठं मावणार होतं? नागपूरच्या होस्टेलचे पैसे तेव्हा कुठून आणणार होते तुम्ही? बाबा, पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणता ना, "पोरीचं शिकणं माह्यामुळं राह्यलं". ते आता म्हणू नका. ऐकताना माझा जीव तुटतो. पाण्यानं दगा दिला, तुम्ही नाही.

खरी अडचण नावाची होती. आधारवर सासरचं नाव, मार्कशीटवर माहेरचं. मॅरेज सर्टिफिकेट घेऊन गेले होते. पण विद्यापीठातल्या ऑफिसच्या बाई म्हणाल्या, "नाव मार्कशीटप्रमाणेच लागेल. बदलायचं असेल तर आधी राजपत्रात करून आणा." मी लगेच म्हटलं, राहू द्या. म्हणजे बाबा, विद्यापीठाच्या नोंदीत माझं मधलं नाव तुमचं आहे. बेचाळिसाव्या वर्षी फॉर्मवर ते लिहिताना हात थांबला, इतक्या वर्षांत लिहिलंच नव्हतं. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "असंच बरं दिसतं."

अजनीहून मेट्रोनं सीताबर्डी, तिथं गाडी बदलून शंकरनगर, पुढं ऑटोनं अमरावती रोडवरचा कॅम्पस. विद्यापीठ १९२३ सालचं आहे, शंभरी ओलांडलेलं. तिथली झाडं मोठी आहेत. वर्गात बहुतेक मुलं आपल्या पिंट्याच्या वयाची. एका मुलीनं मला मॅडम समजून वाट दिली, मग शेजारीच बसली. गोंदियाकडची आहे, पहिल्यांदाच घर सोडलंय तिनं. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी पोळी-भाजी जास्तीची नेली.

आई, एक काम आहे. पेटीत खाली माझ्या तिसऱ्या वर्षाच्या भाषाविज्ञानाच्या वह्या असतील, निळ्या पुठ्ठ्याच्या दोन. तू वाकू नकोस, कमरेचा त्रास वाढेल. बाबांना काढायला सांग आणि त्याच कंडक्टरजवळ दे. सोमवारपासून तास सुरू होतात.

तुमची,
बेबी