डब्यात बोटभर जागा राहिली, संशय मात्र दुकानदारावर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला ग्राहक आणि ब्रँडच्या नात्यावरचा लेख सकाळी दुकान उघडायच्या आधी वाचला आणि दिवसभर तोच डोक्यात घोळत राहिला. विश्वास, सवय, आठवणी हे सगळं मान्य. वनस्पती तुपाला लोक अजून डालडाच म्हणतात, हे मी रोज ऐकतो. पण या नात्यात गल्ल्यावर बसलेल्या माणसाचं काय होतं, यावर लेखात एक ओळ नाही.

आमच्या गल्लीतल्या एक आजी वीस-बावीस वर्षं एकाच कंपनीची चहापूड नेतात. दिवाळीनंतर त्या स्टीलचा डबा घेऊनच दुकानात आल्या. "पुडा ओतला की डबा काठोकाठ भरायचा, आता बोटभर रिकामा राहतो. तू काढून घेतोस का रे?" चार गिऱ्हाइकं उभी होती. मला काय बोलावं सुचेना. नशिबाने मागच्या फळीवर एक जुना पुडा राहिला होता. दोन्ही शेजारी ठेवले. रंग तोच, आकार तोच, किंमतही तीच. जुन्यावर २५० ग्रॅम, नव्यावर २२०. आजींनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "असेल बाबा, कंपनीने काहीतरी विचार करूनच केलं असेल." आणि तोच पुडा घेऊन गेल्या. कंपनीला माफी एका वाक्यात मिळाली. माझ्याकडची सुटी साखर मात्र तेव्हापासून काट्यावर नजर रोखून घेतात. पस्तीस वर्षांच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं.

दहाचे अकरा झाले की गिऱ्हाईक जागच्या जागी हात मागे घेतं. वजन घटलं तर महिना महिना कळत नाही. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा पाचचा पुडा हिशोबाने ४ रुपये ४५ पैशांना बसत होता. एवढे सुट्टे आणायचे कुठून? आणि गिऱ्हाईक तरी "पाचवाला द्या" असंच मागतं. म्हणून किंमत तीच ठेवून वजन कमी-जास्त करणं कंपन्यांना सोपं जातं.

चहा, बिस्किटं अशा वस्तू ठरावीक वजनातच विकायचं बंधन वजनमापाच्या सरकारी नियमांतल्या २०२१ च्या दुरुस्तीने उठलं. त्याबदल्यात ग्रॅममागे किंमत छापायला सांगितली, ती मुंगीएवढ्या अक्षरात असते. आजींना ती दिसणार कशी? वजन वाढवलं की "२० टक्के जादा" म्हणून अर्धा पुडा पिवळा करतात. मग घटवलं तर तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात, निदान तीन महिने, पुढच्या बाजूला छापायची सक्ती सरकारने करावी. शिव्या खायला आम्ही आणि मान कंपनीला, हे आता पुरे झालं.

आणखी एक. गेल्या रविवारी तुमच्या अंकाचं पहिलं पान उघडलं तर पूर्ण पानभर जाहिरात, आतल्या पानावरही तीच. बातमी थेट तिसऱ्या पानावर. वडिलांच्या काळापासून आमच्याकडे हाच पेपर येतो. पहिल्या पानावर बातमी द्या, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक किराणा दुकानदार, कराड