मागील बाकी

नाशिक
११ ऑगस्ट २०२५

प्रिय सुध्या,

आज तिसरा श्रावणी सोमवार. पहाटेपासून त्र्यंबकच्या गाड्या भरभरून चालल्यात, ब्रह्मगिरीच्या फेरीला. आपण गेलो होतो त्या वर्षी तुझी एक चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच आणि तू दुसरीही दरीत भिरकावून दिलीस, आठवतं? मी यंदाही गेलो नाही. गुडघे. घरी बसून भगर खातोय आणि तुला पत्र लिहितोय. पत्र अशासाठी, की फोनवर सांगायला घेतलं तर तू मधेच हसशील, मग मला पुढचं सांगायला जमणार नाही.

आमच्याकडे पाथर्डी फाट्याच्या अलीकडे एक नवीन किराणा स्टोअर उघडलंय. सवलतीचं. पेपरातून कागद आला होता: साखर ३७ रुपये किलो, एका बिलावर पाचच किलो. तू वाण्याचा पोरगा, तुला सांगायला नको. साखर दारात ठेवायची तोट्यात, म्हणजे माणूस आत येतो, आणि आत आला की नुसती साखर घेऊन कोण बाहेर पडतो? अप्पा दिवाळीत रव्याच्या बाबतीत हेच करायचे. रवा पडेल भावात आणि वेलची मात्र ज्या भावाला असेल त्या भावाला.

तुझी वहिनी म्हणाली, बघून तरी येऊ. मी म्हटलं, पावसात? खड्ड्यांतून? सिंहस्थ येतोय येतोय म्हणून वर्षभर गाजतंय, तोवर आपल्या गाडीचे शॉकअप जातील. पण काल रविवार, राखीला आलेले पाहुणे सकाळीच गेले होते. निघालो.

बाहेरची गर्दी बघून मला वाटलं रेशनचं रॉकेल आलंय. आत मात्र थंडगार. फडताळं नाहीतच म्हण ना. लाकडी पॅलेटवर खोके तसेच रचलेले, वरचं झाकण कापून टाकलेलं, त्यातूनच उचला. एका वस्तूच्या दोन जाती, फार तर तीन. साबणाचे वीस प्रकार वगैरे भानगड नाही. मला आधी वाटलं काम अर्धवट राहिलंय. मग लक्षात आलं, हीच तर त्यांची बचत. माल मांडायला माणूस नको, पुसायला नको. खोका रिकामा झाला की दुसरा.

डी-मार्टबद्दल तू मागे बोलला होतास. २००२ साली पवईत पहिलं दुकान काढलं तेव्हापासून त्यांचा खाक्या एकच, की जागा शक्यतो भाड्याने घ्यायची नाही आणि माल देणाऱ्याचे पैसे लवकर मोकळे करायचे. हे स्टोअर त्यांचं नाही, पण वळण तेच. तू म्हणाला होतास, "अरे, रोखीवर जी सूट मिळते ना, तिच्यावरच सगळा खेळ. आमचे अप्पा गिऱ्हाइकाला महिना महिना उधार द्यायचे आणि स्वतः होलसेलवाल्याचे उधार असायचे, त्यांना कोण सूट देणार?" ते वाक्य काल डोक्यात फिरत होतं. आपल्या तिवंध्याजवळच्या त्या दुकानाचं सगळं अर्थशास्त्र तू एका वाक्यात सांगून मोकळा झाला होतास. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात, तुला माहीतच आहे.

आत फिरताना दोन गोष्टींची मजा वाटली. एक, कांदा. नाशिकमध्ये, लासलगाव उशाला असताना, लाल जाळीच्या पिशवीत दोन किलो कांदा, वर बारकोड! एक आजोबा ती पिशवी हातात धरून अशी उलटीपालटी करत होते, जसा काही परदेशातून आलाय. दुसरी, सुट्या डाळींचे मोठे डबे. पाकीटबंद डाळीवर २०२२च्या जुलैपासून पाच टक्के जीएसटी लागतो, सुट्टीवर लागत नाही, म्हणून हे डबे असावेत. मी सवयीने तूरडाळीचा दाणा उचलला आणि दाताखाली धरला. अप्पा धरायचे तसा, कट्ट वाजतो का बघायला. लगेच एक युनिफॉर्ममधला पोरगा, "काका, असं तोंडात टाकायचं नसतं." मी म्हटलं, बाबा रे, डाळ ओलसर आहे की वाळलेली हे तुला डब्यावरच्या चिठ्ठीवरून कळतं का? तो हसला. बिचाऱ्याला काही कळलं नाही. वाळलेली होती, चांगली होती, दोन किलो घेतली.

तेलाच्या डब्यापाशी आमचं थोडं वाजलं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे डबा २२८०, इथे २१३०. तुझी वहिनी खूश. दीडशे रुपये म्हणजे काही थोडे नाहीत. मी डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली. तो पंधरा किलोचा, हा पंधरा लिटरचा. लिटरभर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे या डब्यात तेल १३ किलो ६५० ग्रॅम. तिथेच ट्रॉलीला टेकून मोबाईलवर भागाकार केला: वाण्याचं तेल १५२ रुपये किलो, यांचं १५६. वहिनी म्हणाली, "मग डबा त्याच्याकडूनच घ्या, पण इथे उभं राहून गणितं करू नका, लोक बघतायत." हे लिटर-किलोचं अप्पांनीच मला शिकवलं होतं, आपण पाचवीत असू. तेल ओतताना म्हणाले होते, पाण्याचं माप तेलाला लावू नये, तेल हलकं असतं, म्हणून तर वर तरंगतं.

आणि हो, तो कोपऱ्यावरचा किराणावाला! त्याला चुकवून जायचं म्हणून मी घरून निघतानाच मागची गल्ली धरली होती. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये त्याने फाटकाशी पिशव्या ठेवल्या, पैशाची घाई केली नाही, आता त्याच्या दारावरून कोणत्या तोंडाने जायचं? तर साखरेच्या ढिगाशी बघतो, हा स्वतः उभा. बायको, दोन पोरं, चौघांच्या चार ट्रॉल्या, प्रत्येकीत पाच किलो. मला बघून जराही ओशाळला नाही. "काका, होलसेलपेक्षा स्वस्त पडतीये. उद्या दुकानात ४४नी लावतो." मग मला म्हणतो, "तुम्ही पाच किलो घेणार नसाल तर माझ्यासाठी घ्या ना, पैसे देतो." सुध्या, मी घेतली. माझ्या बिलावर त्याची साखर. आम्ही दोघं चोर एकमेकांना सामील.

आता ज्यासाठी लिहितोय ते.

बिल करताना मोहरीच्या पाकिटाचे ३४ लागले. खोक्यावर चिठ्ठी २८ची होती. मी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, सिस्टीममध्ये हाच रेट आहे. मी म्हटलं, तुमच्या सिस्टीमने खोक्यावरची चिठ्ठी वाचली नसेल, तुम्ही वाचा. मॅनेजर आला, चिठ्ठी आणायला कोणीतरी पळालं, दहा मिनिटं गेली. मागे रांगेत लोकांची कुजबुज, "सहा रुपयांसाठी...". वहिनी दुसरीकडे बघतेय. आणि मी खणखणीत आवाजात भांडतोय. शेवटी सहा रुपये सुटले. बाहेर आलो तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं की मला स्वतःलाच कळेना, हे काय झालं.

रात्री कळलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी वाण्याशी वजन-भावावरून भांडलो होतो.

तुला कधी सांगितलं नाही. तुमच्या दुकानाच्या पायरीवर मी सात-आठ वर्षं उभा राहिलो, हातात ती लाल, लांबट वही घेऊन. अप्पांनी मला एकदाही वाकडा शब्द बोलला नाही, उलट गुळाचा खडा न चुकता हातावर ठेवायचे. पण रोखीवाले आधी. त्यात त्यांचं चूक नव्हतं, दुकान तसंच चालतं. मी पायरीवर, वरून लोंबणाऱ्या सुतळीच्या रिळाकडे बघत. तू आत पुड्या बांधत. शाळेत आपण एका बाकावर, इथे तू आत आणि मी बाहेर, आणि आपण दोघंही एकमेकांना ओळखत नसल्यासारखे. वहीचं नवं पान उघडलं की पहिली ओळ ठरलेली: मागील बाकी. तुझ्या हातात पारडं कधी जरा वर राहिलं तरी मला बोलता यायचं नाही. उधारीवाल्याने वजनाबद्दल काय बोलायचं?

म्हणून मला ते स्टोअर आवडलं. सगळे म्हणतात तिथे कोणी कोणाला ओळखत नाही, माणुसकी नाही, वाण्याची चौकशी नाही, "आई बरी आहे का?" नाही. खरंय. पण मला कोणी ओळखत नव्हतं याचाच आनंद झाला. सगळे एकाच रांगेत, कोणाच्या नावाचं पान नाही. बिलाच्या तळाला छापलं होतं: तुमची एकूण बचत ४१८ रुपये. ते खोटं आहे हे मला कळतं, छापील किमतीशी तुलना करून कोणीही बचत दाखवेल. तरी मी ते बिल फेकलं नाही.

आणि मग सातवीतला तो संप आठवला. दादांच्या सातपूरच्या कारखान्यातला. चौथा महिना होता. अप्पांनी मला हळूच सांगितलं होतं, "आईला सांग, आधीचं थोडं देऊन मग पुढचं नेऊ." मी ते घरी सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा आत झोपलेले बघून आलो, गल्ल्यावर तू. तू माझ्या हातातली यादी घेतलीस, सगळं दिलंस आणि दोन्ही वह्यांत लिहिलंस. काही बोलला नाहीस. मीही नाही. घरी आईने पुड्या हातात तोलल्या. तिचा हात म्हणजे तागडीच. डाळ अर्धा किलो, वहीत पाव. तांदूळ दोन किलो, वहीत एक. शेंगदाणे तर वहीत नव्हतेच. तिने मला विचारलं नाही. पेन्सिल घेतली, पावचं अर्धा केलं, एकचे दोन केले, खाली शेंगदाणे लिहिले. असं तीनदा झालं.

संप मिटल्यावर हिशेबाला आई स्वतः आली, मी बरोबर. अप्पांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, बोटाने ओळी मोजल्या, परत मोजल्या. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "वहिनी, गिऱ्हाइकाच्या वहीत जास्त आणि दुकानाच्या वहीत कमी, हे मी आजवर पाहिलं नाही." आई म्हणाली, "आमच्या वहीप्रमाणे घ्या." अप्पांनी तुझ्याकडे बघितलं. तू वजनं एकावर एक रचत होतास, लहानापासून मोठं, मोठ्यापासून लहान. मग त्यांनी आमच्या वहीप्रमाणे पैसे घेतले, पै-पैसा. सूट दिली नाही. त्याबद्दल मी त्यांना आजही मानतो. सूट दिली असती तर आई परत त्या पायरीवर आली नसती.

त्यानंतर चार दिवस तू शाळेत आला नाहीस. ताप, असं तुझ्या बहिणीने सांगितलं. पाचव्या दिवशी आलास, माझ्या शेजारी बसलास आणि भूगोलाची वही मागितलीस. मी दिली. तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं झाली, तुझं लग्न झालं, माझं झालं, तू नागपूरला गेलास, अप्पा गेले तेव्हा मी खांदा दिला, पण हे काही आपण कधी बोललो नाही.

तुला खरंच ताप होता का रे?

साबुदाणा त्या स्टोअरमधूनच आणलाय. आज भिजवलाय, संध्याकाळी खिचडी. कशी होते ते कळवतो. दाणा दिसायला बरा आहे पण बोटांनी चुरडून बघायला विसरलो, त्या पोराचा धाक. तू गणपतीत येतोयस का ते लवकर सांग, म्हणजे वहिनी जास्तीचं सामान भरेल. तेलाचा डबा कोपऱ्यावरूनच आणला. त्याने साखरेचे १८५ रुपये रोख दिले, वर म्हणाला, "काका, हिशेब क्लिअर." मला हसू आलं, त्याला कळलं नाही का ते.

तुझा,
दिल्या

ता.क. पत्राचं उत्तर पत्रानेच दे. फोन करू नकोस.