इंग्रजी वर्ग: या आठवड्याचे पाठ

सर्व विद्यार्थ्यांसाठी सूचना.

सोमवार आणि मंगळवार, दोन्ही दिवस भूतकाळच घेणार आहोत. घाई करायची नाही, कारण गेल्या चाचणीत सगळ्यात जास्त चुका इथेच झाल्या. क्रियापदाला शेवटी 'ईडी' लागतो, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याचे उच्चार तीन आहेत: 'वॉक'चं होतं 'वॉक्ट', 'प्ले'चं 'प्लेड' आणि 'वॉन्ट'चं 'वॉन्टिड'. मूळ क्रियापद ट किंवा ड या ध्वनीने संपत असेल, तरच शेवटी जादा 'इड' ऐकू येतो. म्हणून 'वॉकेड' म्हणायची सवय आता मोडायचीच. घरून दहा क्रियापदं निवडून आणा आणि ती मोठ्याने म्हणून पाहा. नुसतं लिहून हे जमत नाही.

बुधवारी 'अ' आणि 'ॲन'. इथे अक्षर बघायचं नाही, आवाज ऐकायचा: 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'.

गुरुवारी वाचन. उतारा वर्गातच मिळेल.

शुक्रवारी प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं आहे. विषय: 'मी काल काय केलं'. कागद बघून वाचू नका. अडलात तर थांबा, श्वास घ्या, पुन्हा सुरू करा. चुकलात तरी मध्येच कोणी टोकणार नाही, दुरुस्त्या नंतर सांगू. जे आजवर एकदाही बोलले नाहीत, त्यांची मी मनापासून वाट पाहते आहे.

गैरहजर राहणार असाल तर आदल्या दिवशी कळवा.

– वर्गशिक्षिका