बाबांची जखम, रविवारची प्रयोगशाळा आणि पुढची दोन वर्षे

ग्योटिंगेन, जर्मनी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी इकडे सुखरूप आहे. आई, तू विचारण्याआधीच लिहिते की माझे वजन कमी झालेले नाही. व्हिडिओ कॉलवर मी बारीक दिसते ती खोलीतल्या दिव्यामुळे. कांदा-लसूण चटणीचा डबा न फुटता पोहोचला. जेवण वेळेवर होते. थंडीसाठी चांगला कोट घेतला आहे, तेव्हा स्वेटर विणायला घेऊन डोळ्यांना ताण देऊ नकोस.

फोनवर आपले बोलणे दर वेळी अर्धवट राहते. माझ्या शिक्षणाचा आपल्या पायाच्या जखमेला काय उपयोग, असे बाबांनी गेल्या खेपेला विचारले, त्याला घाईत उत्तर देणे मला बरे वाटले नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

बाबा, संकेतने तुमच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. न्यूट्रोफिल्स ७८ टक्के आणि त्यापुढे वर गेलेला बाण पाहून तुम्ही दोघांनी रात्र जागून काढली, असे तो म्हणाला. त्या बाणाला घाबरू नका. न्यूट्रोफिल ही आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी सर्वांत मोठ्या संख्येने असणारी पेशी. साधारणपणे पांढऱ्या पेशींत तिचे प्रमाण ४० ते ७० टक्के असते. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात, आणि कोठे संसर्ग झाला की मज्जा राखून ठेवलेल्या पेशीही रक्तात सोडते. नव्या कोल्हापुरी चपलेचा पट्टा तुमच्या अंगठ्यापाशी लागला, जखम झाली, तिच्यात जंतू शिरले, आणि शरीराने आपली फौज पाठवली, एवढाच त्या ७८ चा अर्थ. ड्रेसिंग करताना संकेतला जो पिवळसर पू दिसला तोही बव्हंशी याच मेलेल्या पेशींचा असतो. त्याला कधी कधी हिरवट छटा येते, कारण या पेशींत जंतू मारण्यासाठी मायेलोपेरॉक्सिडेज नावाचे जे विकर असते त्याचा रंगच मुळात हिरवा आहे. काही जंतूंमुळेही पू हिरवा होतो, त्यामुळे डॉक्टरांनी तो तपासायला पाठवला हे योग्यच झाले. गोळ्यांचा कोर्स मात्र बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका.

या पेशींचा इतिहास तुम्हाला आवडेल, म्हणून थोडा लिहिते. इल्या मेचनिकॉव्ह हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे राहत होते. घरची मंडळी सर्कशीला गेलेली असताना ते एकटेच तारामाशाच्या पारदर्शक अळीतील फिरत्या पेशी सूक्ष्मदर्शकातून पाहत बसले होते, आणि या पेशी शरीराचे रक्षण करत असाव्यात असे त्यांच्या मनात आले. त्यांनी गुलाबाचे काटे तोडून आणले आणि अळ्यांच्या त्वचेखाली खुपसले; दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो काट्यांभोवती पेशींचा गराडा पडलेला. या कामासाठी १९०८ साली त्यांना पॉल एर्लिक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचेच ओडेसातील एक विद्यार्थी म्हणजे वाल्देमार हाफकिन, ज्यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि ज्यांचे नाव परळच्या संस्थेला आहे. शाहू महाराजांच्या काळातील प्लेग तुम्ही वर्गात शिकवत होता, तेव्हा त्या धड्याचा एक धागा मेसिनाच्या त्या तारामाशापर्यंत जातो हे मला ठाऊक नव्हते.

मी रोज काय पाहते तेही सांगते. ३७ अंशांवर ठेवलेल्या, काचेचा तळ असलेल्या छोट्या कुपीत जिवंत न्यूट्रोफिल सोडायची आणि अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिची हालचाल पाहायची. तिच्या पुढच्या बाजूला एक पातळ, चपटी कड सरकत असते; तेथे ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू क्षणोक्षणी बांधले जातात आणि मोडले जातात. मागच्या टोकाला मायोसिन हे दुसरे प्रथिन आकुंचन घडवते आणि उरलेले अंग पुढे ओढले जाते. तिचे केंद्रक तीन-चार खंडांत विभागलेले असते, आणि पेशीहून अरुंद अशा फटीतून जाताना ते खंड एकामागून एक वळत पलीकडे निघतात. मिनिटाला साधारण दहा मायक्रोमीटर एवढाच तिचा वेग. डोक्यावरच्या एका केसाची जाडी ओलांडायला तिला पाच-दहा मिनिटे लागतात. तरीही जंतूच्या प्रथिनातून सुटलेल्या काही रेणूंचा माग काढत ती नेमकी त्याच दिशेला वळते. आपल्या पेशींतील मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, हे फार पूर्वी जंतूच होते, त्यामुळे पेशी फुटली की त्यांतूनही तसेच रेणू सुटतात. म्हणूनच जंतू नसलेल्या साध्या मुक्या मारावरही या पेशी धावून येतात.

माझा प्रश्न यापुढचा आहे. जखमेपाशी पहिल्यांदा पोहोचलेली न्यूट्रोफिल ल्युकोट्राईन बी४ नावाचा पदार्थ सोडते, त्याने आणखी पेशी येतात, त्या आणखी सोडतात, आणि पाहता पाहता थवा जमतो. २०१३ साली जिवंत उंदराच्या त्वचेत हे स्पष्ट दिसले. २०१९ च्या पुरात शाहूपुरीत एका घरातून हाक आली की सगळ्या तालमींची पोरे तिकडेच धावत होती, तेव्हा कोणीतरी उभे राहून “आता पुरे, बाकीचे दुसऱ्या गल्लीत जा” असे सांगावे लागत होते. शरीरातही ते सांगावे लागते, कारण न्यूट्रोफिलजवळची रसायने जंतूबरोबर आपले स्वतःचे मांसही जाळतात. इवलीशी इजा असेल तर तेथेच राहणाऱ्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी आपले हात पसरून ती जागा झाकून टाकतात आणि थवा जमूच देत नाहीत, असे २०१९ साली दाखवले गेले. २०२१ साली फ्रायबुर्गच्या संशोधकांनी दाखवले की जमलेल्या न्यूट्रोफिल स्वतःच काही वेळाने त्या हाकेला बधिर होतात, आणि यामागे जीआरके२ नावाचे प्रथिन आहे. ते प्रथिन काढून टाकले तर पेशी थांबत नाहीत, भटकतच राहतात, आणि जंतूंना आवर घालणे उलट कमी होते. थांबता येणे हा या पेशीच्या कामाचाच भाग आहे, हे वाचले त्या दिवशी मला दुसरे काही सुचले नव्हते.

तुमच्यासारख्या मधुमेहींत हे थांबणे बिघडते का, एवढेच मी शोधते आहे. न्यूट्रोफिल कधी कधी आपला डीएनए जाळ्याप्रमाणे बाहेर फेकून जंतू अडकवतात, हे २००४ साली बर्लिनमध्ये सापडले. साखर वाढलेल्या रक्तातील पेशी ही जाळी फार सहज फेकतात आणि त्यामुळे जखम भरून यायला वेळ लागतो, हे २०१५ मध्ये दिसून आले. तुम्ही विचारलेत की माझ्या शिक्षणाचा तुमच्या पायाला काय उपयोग. आज काहीही नाही, बाबा. माझ्या कामातून तुमच्यासाठी मलम निघणार नाही, आणि निघेल असे सांगून तुम्हाला खूश करावे असे मला वाटत नाही. पण तुमची जखम एवढे आठवडे का रेंगाळली या प्रश्नापुढे डॉक्टर जेथे थांबतात, तेथून माझे काम सुरू होते, आणि हे काम मी तुम्हाला डोळ्यांपुढे ठेवून करते. तुमच्या पायाची पट्टी बदलायला मी तेथे नव्हते, संकेत होता, हे मला ठाऊक आहे. त्याने ते न कुरकुरता केले, त्याला माझ्या वतीने जवळ घ्या.

आई, रविवारी प्रयोगशाळेत का जाते म्हणून तू रागावलीस. तिकडे मला कोणी राबवून घेत नाही. न्यूट्रोफिल रक्तातून वेगळी केली की फार तर दिवसभर टिकते. तिला गोठवून ठेवता येत नाही आणि इतर पेशींप्रमाणे बाटलीत वाढवताही येत नाही. रक्त देणारा माणूस ज्या दिवशी येईल त्याच दिवशी सगळे काम उरकावे लागते. एखाद्याला रविवारच मोकळा असेल तर माझाही रविवार जातो, आणि मग मंगळवारी मी दुपारीच घरी येते. एवढेच आहे.

आता त्या फोटोविषयी. आत्याने ग्रुपवर “हे कसले शिक्षण?” असे लिहिले ते मी वाचले. फोटोत मी ज्या मूर्तीच्या गालाचे चुंबन घेत आहे ती ब्राँझची आहे, आणि ही ग्योटिंगेनची फार जुनी रीत आहे. जुन्या नगरभवनासमोरच्या चौकात १९०१ साली एक कारंजे उभारले, त्यावर कलहंस घेऊन उभी असलेली एक खेडवळ मुलगी आहे. तिला गेन्झेलीझल म्हणतात. ती देवी नाही, राजकन्या नाही, कोणा ऐतिहासिक स्त्रीचे स्मारकही नाही. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली की सहकारी बाहेर काळ्या पुठ्ठ्याची टोपी घेऊन थांबलेले असतात. ती त्यांनी स्वतः, अनेक संध्याकाळी बसून, तुमच्यापासून लपवून केलेली असते, आणि तिच्यावर तुमच्या संशोधनाच्या आणि स्वभावाच्या खुणा चिकटवलेल्या असतात. माझ्या टोपीवर कापसाची पेशी होती, तिच्यात जांभळ्या बटणांचे तीन खंडांचे केंद्रक होते, आणि मागे तपकिरी कागदाच्या बोटभर कोल्हापुरी चपला होत्या. एका जर्मन मैत्रिणीने माझ्या चपला समोर ठेवून त्या कातरल्या होत्या, वेणीसुद्धा घातली होती. टोपी घातली की सजवलेल्या हातगाडीत बसायचे, सहकारी ती गावातून ओढत चौकात नेतात, तेथे कठड्यावर चढून मुलीला फुले द्यायची आणि गालाचे चुंबन घ्यायचे. मुलगे घेतात, मुली घेतात, पन्नाशीत पीएच.डी. झालेले गृहस्थही घेतात. १९२६ साली यावर बंदी आली होती, तिच्याविरुद्ध एक विद्यार्थी न्यायालयात गेला आणि हरला, तरी प्रथा चालूच राहिली आणि आता कोणी कोणाला अडवत नाही. मूळ मूर्ती संग्रहालयात ठेवली आहे, चौकात आहे ती प्रतिकृती. क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉखही याच विद्यापीठातून डॉक्टर झाले, पण १८६६ साली, म्हणजे तेव्हा हे कारंजे नव्हते. आत्याला हा सगळा परिच्छेद वाचून दाखवा. आणि आई, मी चढले तेव्हा दोघांनी मला धरलेले होते.

बाबा, तुम्ही नेहमी विचारता की एवढे शिकून नोकरी कायम का होत नाही. हा माझ्या गुणवत्तेचा प्रश्न नाही. येथे २००७ चा एक कायदा आहे, त्यानुसार विद्यापीठात पीएच.डी.पूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षे मुदतीच्या करारावर काम करता येते. त्यानंतर कायम जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर बहुतेकांना बाहेर पडावे लागते. सरकारने हाना नावाच्या काल्पनिक संशोधिकेची चित्रफीत काढून हा कायदा किती चांगला आहे हे समजावले, तेव्हा २०२१ साली हजारो संशोधकांनी “आम्हीच हाना” म्हणून आपापली कहाणी जाहीर मांडली. माझ्या वयाच्या सगळ्यांना हीच काळजी आहे, मला एकटीला नाही.

तरीही मी दोन वर्षांच्या नव्या करारावर सही केली आहे. पीएच.डी. झाली की परत येईन असे मी म्हणाले होते, ते मी विसरलेले नाही. सही करायची वेळ आली तेव्हा तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते, तुम्ही झोपला असाल असे वाटले. आता सोडले तर अर्धवट काम दुसऱ्याच्या हाती जाईल, आणि पुण्याच्या पेशीविज्ञान संस्थेत किंवा आयसरमध्ये अर्ज करायचा तर हातात स्वतःचा प्रश्न पुरा केलेला असावा लागतो. परत येणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, तिच्यासाठीही मी तयारी करते आहे. मी येणार आहे.

पुण्याच्या त्या स्थळाला माझ्यासाठी थांबायला सांगू नका. मुलगा चांगला असेल, घरही चांगले असेल, पण दोन वर्षे कोणाला अडकवून ठेवणे बरे नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संकेतचे लग्न माझ्यामुळे अडवू नका. थोरल्या बहिणीच्या आधी धाकट्याचे कसे, हे आजीचे म्हणणे मला समजते, मी तिच्याशी स्वतः बोलेन. मुलीकडच्यांना होकार कळवा आणि मुहूर्त लवकर काढा. तीन-चार महिने आधी कळले तर रजाही मिळेल आणि तिकीटही परवडेल. हळदीपासून पाठवणीपर्यंत मी घरात असेन.

दरमहा पाठवते ती रक्कम चालूच राहील. या वेळी थोडे जास्त पाठवले आहे, त्यातून बाबांसाठी मधुमेहींचे मऊ तळाचे, पुढून बंद असलेले बूट घ्या, आणि जोतिबाला या वर्षी तरी अनवाणी चढू नका. रोज रात्री तळवे आरशात पाहायचे हेही विसरू नका. उरलेले गच्चीच्या गळतीला लावा.

आजीला साष्टांग नमस्कार, आत्याला आणि शेजारच्या काकूंना नमस्कार, संकेतला अनेक आशीर्वाद.

तुमची,
अनू

ता. क. मी पाठवते ते पैसे बाबा माझ्या लग्नासाठी माझ्या नावाने मुदत ठेवीत टाकतात, हे संकेतने सांगितले. ती ठेव मोडा आणि त्याच्या लग्नाला वापरा. बँकेला माझी सही लागत असेल तर फॉर्म स्कॅन करून पाठवा, मी त्याच दिवशी सही करून परत पाठवते.