कलम वाढवा, पण त्याच दिवशी लेखी कळवा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार.

‘साहेब, अटक एका कलमात केली, आता दुसरंच कसं लावलं? असं करता येतं का?’ तालुका कोर्टात वकिली करताना हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. कायद्याने करता येतं. तपासात नवा पुरावा आला की तपासी अंमलदार कलम वाढवू किंवा वगळू शकतो. सरकारी वकील बाजू मांडतात, पण आरोप ठेवतं ते न्यायालय. निकाल देईपर्यंत तो बदलण्याचा अधिकारही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम 239 ने न्यायालयालाच दिला आहे.

हे हवंच. जखमी माणूस दवाखान्यात दगावला तर मारहाणीच्या गुन्ह्यात खुनाचं कलम यायलाच पाहिजे. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, त्या गुन्ह्यातही सदोष मनुष्यवधाचं कलम मागाहून लागलं आणि ते योग्यच होतं.

माझी तक्रार आहे ती कलमवाढ गुपचूप होते याची. बांधावरून भांडण होतं, गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या 117(2) चा, गंभीर दुखापतीचा, म्हणजे जामीनपात्र, ज्यात जामीन हक्काने मिळतो. आरोपीचा बाप जामीनदाराला आणि त्याच्या सातबाऱ्याला घेऊन कोर्टात येतो. तिथे कळतं की पोलिसांनी कलमवाढीचा रिपोर्ट दिला आहे आणि आता 109 लागलं आहे, खुनाच्या प्रयत्नाचं. जामीन सत्र न्यायालयात मागावा लागणार. का लागलं, कोणत्या जबाबावरून, जखमेच्या कोणत्या दाखल्यावरून, हे त्याला कुणीही सांगत नाही. शिवाय शिक्षा दहा वर्षांवर गेली की पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल करण्याची मुदत 60 दिवसांवरून 90 दिवसांवर जाते, म्हणजे ते वेळेत न आल्यास मिळणारा जामीनही महिनाभर लांबतो. एवढा फरक एका ओळीने पडतो! फिर्यादीचेही हाल तेच. गंभीर कलम वगळल्याचं त्याला थेट दोषारोपपत्रातून समजतं.

जामिनावर सुटलेल्या माणसावर गंभीर कलम वाढलं तरी न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांनी त्याला पुन्हा अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये प्रदीप राम खटल्यात सांगितलं. नोव्हेंबर 2025 मध्ये, आपल्याच राज्यातल्या मिहीर शहा प्रकरणात, प्रत्येक गुन्ह्यात अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, असं बजावलं. मग अटकेनंतर वाढलेल्या कलमाची कारणं लेखी का नकोत?

आपल्या खात्याने एक परिपत्रक काढावं. कलम वाढवलं किंवा वगळलं, की त्याच दिवशी आरोपीला, त्याच्या घरच्यांना आणि फिर्यादीला मराठीत लेखी कळवावं, आधार कोणता तेही त्यात लिहावं. गंभीर कलमाच्या बाबतीत उपअधीक्षकांनी कारणं वाचून सही करावी. यासाठी कायदा बदलायची गरज नाही, विधिमंडळात जायची गरज नाही.

आपला,
तालुका न्यायालयातील एक वकील