मों-सँ-मिशेल: आधी भरती, मग तिकीट

प्रिय नीलिमा,

काल फोन ठेवल्यावर नकाशा पसरून बसले आणि एक गोष्ट पक्की केली. फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यालगत खडकावर मठ असलेलं ते बेट, मों-सँ-मिशेल, तिथे आपण पुलावरून जायचं नाही, ओहोटीला वाळूतून चालत जायचं. तिकिटं कधी काढायची असं तू विचारलंस. ते भरतीचं वेळापत्रक बघून ठरेल.

तुझं लहानपण अलिबागचं, त्यामुळे ओहोटीला कुलाबा किल्ल्यात जाऊन पाणी चढायच्या आत परतणं तुला नवं नाही. आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे ना? तो हिशेब नॉर्मंडीत लागू पडणार नाही, कारण तिथल्या किनाऱ्याच्या वेळा निराळ्या. पण अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची, म्हणजे लहान भरती तिथेही चुकत नाही. पाणी मात्र अफाट. मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 14 मीटरच्या आसपास जातो. ओहोटीला समुद्र पार नजरेआड होतो आणि मागे उरतं ते राखाडी वाळूचं आणि गाळाचं प्रचंड मैदान.

हे मैदान ओलांडूनच यात्रेकरू तिथे जायचे. दंतकथा अशी की 708 साली आव्रांशच्या बिशप ओबेरच्या स्वप्नात देवदूत मायकेल आला आणि या खडकावर माझं मंदिर बांध म्हणाला. 966 मध्ये बेनेडिक्टाईन पंथाचे ख्रिस्ती साधू आले, 1023 मध्ये आजच्या चर्चचं काम सुरू झालं. पुढे शतकानुशतकं लोक दूरदूरच्या गावांहून पायी येत राहिले. ते ज्या वाटांनी येत त्यांना 'स्वर्गाच्या वाटा' म्हणत. तिथे पोचायचं म्हणजे शेवटी या खाडीत पाय घालायचा, हे प्रत्येकाला माहीत असायचं. म्हणूनच माझा हट्ट आहे गं. बसमधून दाराशी उतरलो तर मठ दिसेल, पण लोक तिथे जीव मुठीत धरून का जात होते ते कळणार नाही.

वाट जने नावाच्या गावाजवळच्या बेक दांदेन या किनाऱ्यावरून सुरू होते. अंतर सहा-सात किलोमीटर. वाटेत तोंबलेन हा ओसाड खडक लागतो. इंग्लंड-फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धात तिथे इंग्रजांनी तळ ठोकला होता. मठ मात्र त्यांना अखेरपर्यंत घेता आला नाही. 1434 मध्ये ते टाकून गेलेल्या दोन अवजड तोफा अजून प्रवेशदारापाशी ठेवल्या आहेत. मग से आणि सेल्युन या नद्यांचं पाणी पायांनी पार करायचं. चप्पल-बूट नको, अनवाणीच बरं. चड्डी किंवा गुडघ्यापर्यंत दुमडता येईल अशी पँट, वाऱ्यासाठी जाकीट आणि प्यायचं पाणी, एवढंच सामान.

परवानाधारक वाटाड्याशिवाय मात्र एक पाऊलही टाकायचं नाही, आणि यात मी तुझं काही ऐकणार नाही. पाणी समोरून लाटा घेऊन येईल आणि आपण पळू, असं तिथे होत नाही. ते आधी नद्यांच्या पात्रांतून मागे शिरतं आणि परतीची वाट तोडतं. धुकं उतरलं तर दिशाही कळत नाही. शिवाय रुतणारी वाळू. कणांमध्ये पाणी भरलेलं असतं. पाय दाबला की ती पातळ होते आणि थांबलं की पायाभोवती घट्ट बसते. अशा जागी उभं राहायचं नाही, पाय हलवत राहायचे. अकराव्या शतकातल्या बायो गावच्या प्रसिद्ध भरतकामात पुढे इंग्लंडचा राजा झालेला हॅरल्ड याच भागात, कुएनों नदीच्या वाळूत रुतलेल्या सैनिकांना ओढून काढताना दाखवलाय. वाटाडे सुरक्षित जागा बघून मुद्दाम रुतवूनही दाखवतात. ते आपण नक्की करू!

पोचल्यावर तुझ्या गुडघ्यांची परीक्षा. मठापर्यंत सुमारे 350 पायऱ्या आहेत. घाई करायची नाही, दर वळणावर बसू. वर बघण्यासारखं इतकं आहे की मला तर एक दुपार पुरणार नाही. खडकाच्या टोकावर एवढं चर्च मावेना, म्हणून बाजूंनी तळघरं उभारून त्यांच्या खांद्यावर ते पेललंय. त्यासाठीचा ग्रॅनाइट शोझे बेटांवरून होड्यांनी आणला. उत्तरेच्या अंगाला 'ला मेर्वेय' ही तेराव्या शतकातली इमारत आहे. तळाशी गरीब यात्रेकरूंना अन्न मिळायचं, मधल्या मजल्यावर मानाचे पाहुणे, सर्वांत वर साधूंचं भोजनगृह आणि खांबांनी वेढलेलं उघडं अंगण. मला सर्वांत आधी तळाची ती दानशाळा बघायची आहे, कारण चिखलाने भरलेले पाय घेऊन आलेले लोक तिथे टेकायचे.

एक मोठं लाकडी चाकही आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठाचा तुरुंग झाला, तेव्हा कैदी त्या चाकात चालून खालून सामान वर ओढायचे. 1863 मध्ये तुरुंग बंद झाला. ते चाक बघताना मन जड होईल, पण टाळायचं नाही.

मुक्काम बेटावरच करू. महाग पडेल, तरी करू. सहली परतल्या की गल्ली मोकळी होते, आणि मोठ्या उधाणाला खडकाला चहूबाजूंनी पाणी लागतं ते तटावरून बघता येईल. 1879 मध्ये बांधलेल्या भरावाच्या रस्त्यामुळे गाळ साचून ते पाणीच हरवत चाललं होतं. मग कुएनों नदीवर नवं धरण आलं, 2014 मध्ये खालून पाणी वाहू देणारा पूल झाला आणि भराव काढला. समुद्राला त्याची जागा परत दिली, याचं मला फार कौतुक वाटतं. परतताना आपण त्याच पुलावरून जाऊ, तिथून बसने रेन शहर आणि रेल्वेने पॅरिस.

आता तारखा. सर्वांत मोठी उधाणं मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास येतात. मार्चमधलं पाणी आपल्याला सोसणार नाही, म्हणून भाद्रपद पौर्णिमा धरली आहे. तिथे सर्वांत मोठी भरती पौर्णिमेनंतर दीड-दोन दिवसांनी येते. अनंत चतुर्दशीला तुमचा गणपती पोचवला की रात्रीच निघावं लागेल. उधाण बेटावरून बघू आणि पाणी जरा उतरल्यावर वाळूतून चालू. त्यासाठी एका सकाळी बसने जनेला जाऊन तिथून वाटाड्याबरोबर परत यायचं.

अडचण फक्त पितृपक्षाची. मामंजींची तिथी कोणती, आणि सासूबाई तेव्हा तुला सोडतील का, हे विचारून कळव. जमत नसेल तर सर्वपित्री अमावस्येनंतरचं उधाण आहे, पण मग घटांचं काय करणार तेही ठरव. वाटाड्याकडे नावं आधी नोंदवावी लागतात आणि व्हिसालाही वेळ लागतो, तेव्हा पासपोर्ट कधी संपतोय तेही आजच बघ.

तुझी,
मेधा